करारावर गेलेली बेटं

क्लेर्माँ-फेराँ हे मध्य फ्रान्समधलं, विझलेल्या ज्वालामुखींच्या रांगेला लागून वसलेलं कामगारांचं शहर. मिशलँची टायर कंपनी इथली. शहराचा रग्बी क्लबसुद्धा 1911 साली त्याच कंपनीचा क्रीडासंघ म्हणून सुरू झाला. पुढे शतकभराने या क्लबने परदेशात स्वतःची अकादमी काढायचं ठरवलं आणि त्यासाठी जागा निवडली ती पॅसिफिक महासागरातल्या फिजी बेटांवर, नांद्रोंगा प्रांतात. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला डोंगर, मधल्या पट्टीत ऊस आणि गावं. गाव तिथे मैदान, आणि दिवस कलला की त्यावर अनवाणी रग्बी खेळणारी मुलं.

या नांद्रोंगातून 2006 साली नापोलिओनी नलांगा क्लेर्माँला गेला. त्याचे वडील 1987च्या पहिल्या रग्बी विश्वचषकात फिजीकडून खेळले होते. तेव्हा खेळ हौशी होता. देशासाठी खेळल्याचे पैसे घेणं हा नियमभंग ठरत असे. मुलगा मात्र त्याच खेळावर घर चालवायला निघाला होता. काही वर्षांत तो फ्रान्सच्या लीगमध्ये सर्वाधिक ट्राय (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे टेकवून केलेले गुण) करणारा खेळाडू झाला, आणि दहा वेळा अंतिम सामना हरलेल्या क्लेर्माँने 2010 साली पहिल्यांदा फ्रान्सचं विजेतेपद मिळवलं, तेव्हा तो त्या संघात होता. बाप आणि मुलगा यांच्या मधल्या वीस वर्षांत रग्बीचं सगळं अर्थकारण पालटलं. त्याची किंमत कोणी मोजली आणि नफा कोणाच्या पदरात पडला, हे नीट पाहायला हवं, कारण विश्वचषकाच्या झगमगाटात ही गोष्ट नेहमी मागे राहते.

फिजीची लोकसंख्या नऊ लाखांच्या आसपास, सामोआची दोन लाख, टोंगाची जेमतेम एक लाख. आपल्या एखाद्या मध्यम जिल्ह्यात ही तिन्ही राष्ट्रं सहज सामावतील. तरीही 6 ऑक्टोबर 1991 रोजी कार्डिफमध्ये, वेल्सच्या घरच्या मैदानावर, तेव्हाच्या पश्चिम सामोआने वेल्सला 16-13 असं हरवलं. वेल्स हा रग्बीवेडा देश, तिथे हा खेळ म्हणजे धर्म. ‘बरं झालं, सगळा सामोआ आला नव्हता’ हा विनोद त्या दिवसापासून रग्बीच्या जगात फिरतो आहे. हसून झाल्यावर त्यातली वस्तुस्थिती ध्यानात येते: इतक्या लहान बेटांनी इतके मोठे खेळाडू घडवणं हे तिथल्या गावांचं, शाळांचं आणि चर्चच्या मैदानांचं कर्तृत्व होतं. त्यात कोणा श्रीमंत संस्थेचा पैसा लागलेला नव्हता.

बाहेर जाण्याची वाट त्याआधीच पडली होती, आणि तिची सुरुवात मोठी विलक्षण आहे. टोंगाचे राजे चौथे तौफाआहाऊ तुपोऊ यांना जपानी मणिचौकटीवरचं गणित फार आवडलं होतं. ते शिकून यावं म्हणून 1980 साली त्यांनी नोफोमुली ताउमोएफोलाऊ आणि होपोई ताइओने या दोघांना जपानच्या दाइतो बुंका विद्यापीठात पाठवलं. दोघं मणी सरकवायला शिकले आणि जोडीने रग्बीही खेळले, इतकं की जपानच्या राष्ट्रीय संघापर्यंत पोचले. त्यांच्यामागून आणखी मुलं गेली, मग जपानी कंपन्यांच्या संघांनी त्यांना नोकऱ्या दिल्या. आजही जपानच्या संघात टोंगन आडनावं दिसतात, त्याचं मूळ या शिष्यवृत्तीत आहे. ही वाट राजाने आखली होती. पुढच्या वाटा बाजाराने आखल्या.

26 ऑगस्ट 1995 रोजी पॅरिसमध्ये आंतरराष्ट्रीय रग्बी मंडळाने हौशीपणाचा नियम रद्द केला. तो निर्णय काही उदारपणाने झाला नव्हता. दोन महिन्यांपूर्वी दक्षिण आफ्रिका, न्यू झीलंड आणि ऑस्ट्रेलिया या तीन देशांनी रूपर्ट मरडॉक यांच्या कंपनीशी दहा वर्षांच्या प्रक्षेपण हक्कांचा 55.5 कोटी डॉलरचा करार जाहीर केला होता. दुसरीकडे केरी पॅकर यांच्या पाठबळावर एक बंडखोर लीग खेळाडूंच्या सह्या गोळा करत होती. क्रिकेटमधला पॅकर आपल्याकडच्या जुन्या वाचकांना चांगलाच आठवत असेल; तोच हा माणूस. मंडळापुढे दुसरा रस्ता उरला नव्हता.

या पैशातून 1996 साली ‘सुपर 12’ ही स्पर्धा उभी राहिली, आणि इथे एक दरवाजा मुकाट्याने लावला गेला. आधीच्या ‘सुपर 10’ स्पर्धेत पॅसिफिक बेटांसाठी एक जागा होती. 1993 आणि 1994 मध्ये पश्चिम सामोआ, 1995 मध्ये टोंगा त्यात खेळले होते. स्पर्धेत दोन संघ वाढले, पण बेटांची जागा मात्र गेली. दूरचित्रवाणीला मोठ्या बाजारपेठा हव्या होत्या आणि या बेटांवर वाहिन्यांचे ग्राहक मोजके. म्हणजे खेळ व्यावसायिक होताच या तीन देशांना घरी राहून व्यावसायिक खेळण्याची वाट बंद झाली. पुढची पंचवीस वर्षं जे काही घडलं त्याचा उगम मला याच निर्णयात दिसतो. खेळाडू लोभापायी घर सोडून गेले असं बोलणाऱ्यांनी हे साल लक्षात ठेवावं.

जवळचा पर्याय न्यू झीलंड. पण तिथल्या सुपर संघांमध्ये जागा मिळायची ती मुख्यतः न्यू झीलंडकडून खेळू शकणाऱ्यांना. सामोआचा किंवा टोंगाचा शर्ट घालायचा ठरवला की तिथला रस्ता अरुंद होई. राहिला युरोप.

युरोपात शिरायला एक कायदेशीर फट अनपेक्षितपणे सापडली. मारोश कोल्पाक हा स्लोवाकियाचा हँडबॉल गोलरक्षक. जर्मन संघटनेने आपल्याला परदेशी खेळाडूंच्या कोट्यात मोजू नये म्हणून तो न्यायालयात गेला आणि आपल्या देशाच्या युरोपीय संघाशी असलेल्या कराराच्या आधारे 2003 मध्ये युरोपीय न्यायालयात जिंकला. दक्षिण आफ्रिकेचे क्रिकेटपटू इंग्लिश कौंटीत ‘कोल्पाक’ म्हणून खेळायला गेले ते या निकालाच्या आधाराने, हे क्रिकेटवेड्या मराठी वाचकांना ठाऊक आहे. तोच निकाल पॅसिफिकच्या रग्बीपटूंनाही लागू पडला, कारण 2000 साली कोतोनू इथे युरोपीय संघाशी झालेल्या व्यापार-सहकार्य करारात आफ्रिका आणि कॅरिबियनसोबत फिजी, सामोआ आणि टोंगाही होते. साखर आणि मासळीच्या व्यापारापायी झालेल्या करारामुळे सामोआचा एखादा धिप्पाड फॉरवर्ड इंग्लंडच्या क्लबला परदेशी कोट्याबाहेर मिळू लागला. क्लबांच्या दृष्टीने हा सौदा उत्तम होता: अव्वल दर्जाचा खेळाडू, तोही न्यू झीलंडच्या नामांकित खेळाडूपेक्षा कमी पगारात.

फ्रान्समध्ये तर पैशाला पूर आला होता. तूलाँ या बंदराच्या शहरातला क्लब 2006 साली मुराद बूजलाल यांनी ताब्यात घेतला. त्यांनी पैसा कमावला होता तो चित्रकथांची पुस्तकं छापून. न्यू झीलंडचा कर्णधार टाना उमागा, ऑस्ट्रेलियाचा जॉर्ज ग्रेगन, दक्षिण आफ्रिकेचा व्हिक्टर मॅटफील्ड, इंग्लंडचा जॉनी विल्किन्सन असे एकेक दिग्गज त्यांनी आणले आणि 2013, 2014, 2015 असा सलग तीन वर्षं युरोपचा चषक जिंकला. पॅरिसच्या रासिंग क्लबमागे जमीनजुमल्याच्या व्यवसायात कमावलेले जॅकी लोरेंझेत्ती, माँपेलिएमागे सीरियाच्या वाळवंटात बेदुइन कुटुंबात जन्मून बांधकामाच्या परांच्यांचा जागतिक उद्योग उभारलेले मोहेद अल्त्राद. या क्लबांतल्या नावाजलेल्या खेळाडूंची छायाचित्रं वर्तमानपत्रांत झळकत होती, तेव्हा त्याच संघांच्या दोन्ही विंगवर आणि दुसऱ्या-तिसऱ्या विभागातल्या लहान गावांच्या क्लबांत फिजीची मुलं भरती होत होती.

विल्किन्सन आणि ग्रेगन गेले ते देशासाठी भरपूर खेळून, कारकिर्दीच्या उत्तरार्धात. श्रीमंत देशांनी आपले खेळाडू धरून ठेवण्याचे नियमही केले. न्यू झीलंड बाहेर खेळणाऱ्याला राष्ट्रीय संघात घेतच नाही. ऑस्ट्रेलियाने 2015 मध्ये साठ कसोट्या खेळलेल्यांपुरती सवलत दिली. असा नियम करायला घरी पगार देण्याची ऐपत लागते. फिजीने तो केला असता तर संघच उभा राहिला नसता. फिजीचा मुलगा विशीत जाई, कधी त्याहून लहान वयात, आणि पाठीशी खेड्यातलं सगळं गणगोत घेऊन जाई.

आपल्याकडे कोकणातल्या कित्येक घरांच्या चुली मुंबईहून येणाऱ्या मनीऑर्डरीवर पेटत, तशी ही बेटं जगतात. टोंगाच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त रक्कम परदेशातल्या टोंगनांनी पाठवलेली असते. सामोआत लग्न, मयत, पदवीदान अशा प्रत्येक प्रसंगी नातलगांनी भार उचलायचा असतो. फिजीत ‘केरेकेरे’ म्हणजे आप्ताने मागितलं तर नाही म्हणायचं नाही. चर्चचं छप्पर, भावंडांची फी, काकाचं ऑपरेशन, सगळं फ्रान्समधल्या त्या एका पगारातून. बाहेरच्यांना हे ओझं वाटतं. खेळाडूंना विचारलं तर त्यात अभिमानच जास्त असतो. पण कर्ता मुलगा गुडघा मोडून बसला, करार वाढला नाही, तर घरी ते कळवायचं कोणत्या तोंडाने? हिवाळ्यात चारला अंधारणारं गाव, न समजणारी भाषा, आजूबाजूला आपलं माणूस नाही. काही मुलं त्या एकटेपणात खचली. 2016 मध्ये फ्रान्समध्ये खेळणाऱ्या एका फिजियन खेळाडूने जीवन संपवलं, तेव्हा कुठे बेटांवरच्या खेळाडूंच्या मानसिक आरोग्याची उघड चर्चा झाली.

रुपेनी थाउथाउनिंबुथा हे नाव त्या काळच्या रग्बीप्रेमींना अजून हळवं करतं. वानुआ लेवू बेटावरच्या बुआ प्रांतातला हा विंगर ऑकलंडमार्गे 2004 मध्ये फ्रान्सच्या आजाँ क्लबला गेला. इतक्या जाडजूड देहात एवढा वेग आणि एवढी लवचीकता क्वचितच पाहायला मिळते. समोरचा बचावपटू त्याच्यापर्यंत पोचायचा तोवर तो तिथे नसायचा. मोसम संपला की तो गावी जाई आणि परतायला उशीर करी, कधी आठवड्यांचा, कधी महिन्यांचा. क्लबने दंड केले, वर्तमानपत्रांनी बेशिस्त म्हटलं. करार मोडणं चूकच. तरीही मला वाटतं, त्याच्या घरापासून चार तासांच्या अंतरावर पगार देणारा एखादा संघ असता तर जगाने त्याचा खेळ कितीतरी अधिक पाहिला असता.

क्लबांची बाजूही ऐकली पाहिजे. पगार ते वर्षभर देतात. नोव्हेंबरात, लीग ऐन रंगात असताना, खेळाडू देशासाठी जातो आणि कधी जायबंदी होऊन परततो. आंतरराष्ट्रीय मंडळाच्या नियम क्रमांक 9 प्रमाणे त्याला सोडणं क्लबला बंधनकारक आहे. प्रत्यक्षात अंमल कसा होई? सही करतानाच खेळाडूला विचारलं जाई, ‘तू देशाकडून खेळणार का?’ ‘हो’ म्हटलं की रक्कम घटे, कधी करारच हातचा जाई. मग पंचवीस-सव्वीस वर्षांची मुलं आंतरराष्ट्रीय रग्बीतून ‘निवृत्ती’ जाहीर करत. कागदावर तो त्यांचा स्वेच्छेचा निर्णय असे. इंग्लंडच्या किंवा फ्रान्सच्या खेळाडूपुढे हा प्रश्न कधी आला नाही, कारण त्याला देशाकडून खेळण्याचेही भरघोस पैसे मिळत.

फ्रान्सने स्थानिक खेळाडू तयार व्हावेत म्हणून 2010 च्या सुमारास एक नियम आणला: संघात ठरावीक संख्येने फ्रेंच अकादमीत घडलेले खेळाडू हवेतच. हेतू चांगला होता. पण नियम जन्मस्थान पाहत नव्हता. एकविसाव्या वर्षाच्या आत तीन मोसम फ्रेंच अकादमीत काढले की झालं. तेव्हा क्लबांनी फिजीची मुलं आणखी कोवळ्या वयात आणायला सुरुवात केली. नांद्रोंगाच्या अकादमीतून गेलेले नोआ नाकाइताथी आणि आलिवेरेती राका फ्रान्सच्या राष्ट्रीय संघातही खेळले. 2019 च्या विश्वचषकात कुमामोतोला फ्रान्सने टोंगाला 23-21 असं निसटतं हरवलं. फ्रान्सच्या दोन ट्रायपैकी एक राकाचा, दुसरा फिजीतच लहानाचा मोठा झालेल्या विरिमी वाकातावाचा. या दोघांना दोष देण्यात अर्थ नाही. ज्या देशाने त्यांना पगार दिला, घर दिलं, त्याचा शर्ट त्यांनी घातला. पण दोन गुणांनी हरलेल्या टोंगाच्या मनात त्या संध्याकाळी काय आलं असेल, हे समजायला रग्बी कळण्याची गरज नाही.

पैशाच्या वाटपाचा आणखी एक नियम सांगायला हवा. कसोटी सामन्याचं उत्पन्न यजमानाचं. पाहुण्या संघाला त्यात वाटा नाही. मोठे देश बेटांवर क्वचितच खेळायला जात. न्यू झीलंडचा संघ सामोआत पहिली कसोटी खेळला तो थेट जुलै 2015 मध्ये. बेटांनी मात्र युरोपात जाऊन स्टेडियम भरायची. नोव्हेंबर 2017 मध्ये सामोआ लंडनला ट्विकेनहॅमवर खेळायला गेला तेव्हा त्यांचे पंतप्रधान आणि रग्बी संघटनेचे प्रमुख तुइलाएपा साइलेले यांनी संघटना दिवाळखोर असल्याचं जाहीर केलं होतं. त्या सामन्यासाठी इंग्लंडच्या प्रत्येक खेळाडूला सुमारे 22,000 पौंड मिळणार होते, सामोआच्या खेळाडूला सुमारे 650. इंग्लंडच्या संघटनेने सदिच्छा म्हणून 75,000 पौंड देऊ केले. 82,000 आसनांचं ते मैदान. इंग्लंडने सामना 48-14 असा जिंकला, आणि संपल्यावर दोन्ही संघांचे खेळाडू खांद्याला खांदा लावून मैदानाच्या मध्यात प्रार्थनेला उभे राहिले. खेळाडूंमध्ये एकमेकांविषयी आदर भरपूर होता. कमतरता होती ती हिशेब ठरवणाऱ्या खोलीत. जागतिक मंडळाच्या परिषदेत इंग्लंड, फ्रान्स, न्यू झीलंड यांना तीन-तीन मतं. फिजी आणि सामोआला स्वतःची एकेक जागा मिळाली ती 2018 च्या सुमारास.

ही कोंडी चव्हाट्यावर आणली खेळाडूंनीच. सामोआकडून खेळलेला, इंग्लंड-फ्रान्समध्ये कारकीर्द घडवलेला डॅन लिओ याने पॅसिफिकच्या खेळाडूंसाठी कल्याणकारी संघटना उभी केली आणि 2020 मध्ये या विषयावर माहितीपट काढला. त्यात परदेशी क्लब आणि बडे देश यांच्या बरोबरीने बेटांवरच्या रग्बी संघटनांच्या कारभारालाही त्याने सोडलं नाही. याची गरजच होती. 2014 मध्ये सामोआच्या खेळाडूंनी कारभाराच्या निषेधार्थ इंग्लंडविरुद्धच्या सामन्यावर बहिष्काराचा इशारा दिला होता, तो मंडळाच्या नव्हे, स्वतःच्या संघटनेच्या विरोधात.

बदल आला तो उशिरा, पण आला. नोव्हेंबर 2021 मध्ये मंडळाने ठरवलं की एका देशाकडून खेळलेला खेळाडू तीन वर्षं थांबला तर जन्माच्या किंवा आई-वडील, आजी-आजोबांच्या देशाकडून खेळू शकेल. न्यू झीलंडकडून काही कसोट्या खेळून तेविसाव्या-चोविसाव्या वर्षी युरोपात गेलेला चार्ल्स पिउटाऊ या नियमामुळे आई-वडिलांच्या टोंगाकडून खेळला. त्याहून मोठी गोष्ट 2022 ची: फिजीच्या स्वतःच्या व्यावसायिक संघाला, ‘फिजियन द्रुआ’ला, सुपर रग्बीत प्रवेश मिळाला. 1996 साली लावलेला दरवाजा सव्वीस वर्षांनी उघडला. ‘मोआना पासिफिका’ हा सामोआ-टोंगाच्या वंशाच्या खेळाडूंचा संघही त्याच वर्षी आला, पण त्याचं ठाणं ऑकलंडला.

11 मार्च 2023 ला लौतोकात द्रुआने क्रायस्टचर्चच्या क्रुसेडर्सना 25-24 असं हरवलं, शेवटच्या क्षणाच्या पेनल्टी किकवर. लौतोका हे साखर कारखान्याचं शहर. 1879 ते 1916 या काळात भारतातून साठ हजारांवर गिरमिटिये या बेटांवर ऊस तोडायला नेले गेले, त्यांच्या वंशजांची इथे मोठी वस्ती आहे. फिजीत रग्बी प्रामुख्याने मूळच्या फिजियनांचा आणि फुटबॉल भारतीय वंशाच्या लोकांचा, अशी विभागणी फार जुनी आहे. पण द्रुआ हा सगळ्या देशाचा संघ म्हणून मिरवला जातो, आणि स्पर्धेतल्या सर्वात यशस्वी संघाला आपल्या ऊसपट्ट्यात येऊन हरावं लागलं, हे त्या देशाने डोळ्यांनी पाहिलं.

त्याच वर्षीच्या विश्वचषकात याचं फळ दिसलं. स्पर्धेआधी ऑगस्टमध्ये फिजीने ट्विकेनहॅमवर इंग्लंडला 30-22 असं हरवलं. मग विश्वचषकात फ्रान्समधल्या सेंत-एतिएनला ऑस्ट्रेलियाला 22-15 असं, 1954 नंतर पहिल्यांदा. संघात निम्म्याच्या आसपास द्रुआचे, घरी सराव करणारे खेळाडू. उरलेले बहुतेक युरोपातल्या क्लबांचे. कर्णधार वाइसेआ नायाथालेवू तूलाँचा. लेवानी बोतिया एकेकाळी फिजीत तुरुंगाचा पहारेकरी होता, मग ला रोशेल क्लबकडून दोनदा युरोपचा चषक जिंकला. प्रशिक्षक सायमन रायवालुई स्वतः इंग्लंड-फ्रान्समध्ये खेळलेले. आणि सेंटर जोसुआ तुइसोवा. जॉर्जियाविरुद्धच्या सामन्याच्या तोंडावर त्याला निरोप आला की दीर्घ आजारी असलेला त्याचा सात वर्षांचा मुलगा फिजीत वारला. तो सामना खेळला, पुढेही संघासोबत राहिला. अंत्यसंस्काराला पोचता आलं नाही. त्या निर्णयावर बाहेरच्याने मत देऊ नये. मार्सेलच्या उपांत्यपूर्व सामन्यात फिजी इंग्लंडकडून 30-24 असा हरला, तोही दुसऱ्या सत्रात 24-24 अशी बरोबरी साधल्यानंतर.

जाणं काही थांबलेलं नाही. द्रुआचा विनाया हाबोसी त्या विश्वचषकाच्या वर्षीच पॅरिसच्या रासिंगला गेला. क्लेर्माँ, तूलाँ, ल्याँ, बोर्दो इथल्या संघांच्या याद्यांत फिजियन नावं आजही आहेत. जून 2025 मध्ये मुंबईत, अंधेरीच्या मैदानावर पहिली रग्बी प्रीमियर लीग झाली, तिथेही फिजीचे खेळाडू करारावर आले होते. फरक पडला आहे तो सुरुवातीच्या पायरीत. नांद्रोंगातल्या अठरा वर्षांच्या मुलाला आता नांदी किंवा लौतोकात पगार घेऊन खेळता येतं, देशाचा शर्ट घालता येतो, आणि परदेशी क्लबचा माणूस कागद घेऊन आला तर दोन-तीन मोसमांच्या अनुभवाच्या जोरावर त्याच्याशी घासाघीस करता येते. सामोआ आणि टोंगातल्या मुलाला, स्वतःच्या बेटावर राहून, ही सोय अजून नाही. त्याने आजही आधी विमानाचं तिकीट काढायचं असतं.